वडिलांचा सीटी स्कोअर १८ होता, म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न
कपाट आवरताना बाबांची एप्रिल २०२१ ची, कोविडची फाइल सापडली. एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन) स्कोअर १८/२५, शेजारी 'कोरॅड्स ६'. आरटीपीसीआर आधीच पॉझिटिव्ह होती, मग सीटी कशाला काढला? त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. बाबा आज ठणठणीत आहेत.

उत्तर १
कशाला म्हणजे काय, धंदा! दर बांधून द्यावे लागले सरकारला, सप्टेंबर २०२० मध्ये.

उत्तर २
तेव्हा मी जिल्ह्याच्या गावी सीटीवर टेक्निशियन होतो. धंदा झाला, नाही म्हणत नाही. पहिल्याच दिवशी नुसत्या भीतीने आलेली माणसंही मी टेबलावर घेतली आहेत. त्यांचा सीटी स्वच्छ यायचा, ती निर्धास्त घरी जायची आणि सहाव्या दिवशी धापा टाकत परत यायची.

ताई, कोरॅड्स म्हणजे सीटी बघून कोविडची शक्यता किती ते सांगणारी श्रेणी. त्यातला ६ म्हणजे सर्वांत वाईट नव्हे. आरटीपीसीआर पॉझिटिव्ह असली की ६ लिहायचे, एवढंच. त्या आकड्याने किती घरं हादरली असतील! स्कोअरचं म्हणाल तर फुफ्फुसाचे पाच भाग, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येकाला ० ते ५ गुण. १८ पासून गंभीर धरायचे. पण तो आकडा फुफ्फुस किती व्यापलंय ते सांगतो, ऑक्सिजन किती ते बोटाला लावलेलं यंत्र सांगतं. १८ वाले चालत बाहेर पडलेले पाहिलेत, ९ वाले व्हेंटिलेटरवर गेलेलेही.

स्कॅन काही सेकंदांचा, दोन पेशंटच्या मधली मशीनची पुसापुशीच लांबायची. माइकवरून "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणायचो. रोखणार कसा? खोकला यायचा, चित्र हलायचं. नातेवाईक काचेतून मॉनिटरचा फोटो काढायचे.

आयसीयूत मात्र खरं काम साध्या पोर्टेबल एक्स-रेने केलं. कॅसेटला, म्हणजे एक्स-रेचं चित्र उमटतं त्या पाटीला, प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून, पीपीई किटमध्ये घामाघूम होत, पेशंटच्या पाठीखाली सरकवायची. त्याबद्दल कुणी विचारत नाही.

प्रश्नकर्ती
कोरॅड्सचं आज कळलं. आईला लगेच सांगितलं, ती नुसतीच हसली. फिल्म माळ्यावर आहे, टाकून देऊ का?

उत्तर २
टाकू नका. पुढे कधी छातीचा सीटी काढावा लागला तर जुना डाग की नवा, ते त्यावरूनच कळेल. फक्त घडी घालू नका, आणि उन्हापासून लांब ठेवा.