मदत हवी आहे: भावाच्या लग्नाचे फोटो उघडत नाहीत, अर्जंट!

म्हापशाचा_बाब: फोटोग्राफरने लिंक पाठवली, डाउनलोड केलं, उघडत नाही. सगळं करून बघितलं. उद्या पणजीला अल्बमवाल्याला पेनड्राइव्ह द्यायचाय. कोणीतरी लवकर सांगा.

नारळीपाक: सगळं म्हणजे काय काय? मोबाइल की लॅपटॉप? फाइल कसली? एरर काय येतो?

म्हापशाचा_बाब: लॅपटॉप. आरएआर, झिपसारखी दाबून बांधलेली फाइल, पाच तुकड्यांत. पार्ट१ ते पार्ट५. थोडे फोटो निघतात आणि ‘अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह’, म्हणजे फाइल मध्येच संपली, म्हणून थांबतं.

मांडवीकाठ: सेव्हन-झिप घाल, असल्या फाइली उघडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. आणि फोटोग्राफरला सांग, पुढच्या वेळी त्याच्याच सेव्हन-झेड प्रकारात करून पाठव, साइज निम्मी होते.

नारळीपाक: लग्नाच्या फोटोंची? काहीतरीच. झिप काय, सेव्हन-झेड काय, फाइलमध्ये परत परत येणारा मजकूर हुडकतात आणि तिथे ‘इतकं मागे जा, तेवढंच उचल’ अशी खूण ठेवतात. जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, आधीच पिळून काढलेलं असतं, परत काय निघणार? चवथीचे फोटो मी झिप केले होते, शंभरातले एक-दोन टक्के वाचले. एक्सेलच्या फाइली कर, मग बघ.

मांडवीकाठ: कॅमेऱ्याच्या रॉ फाइली, जेपीजी न केलेल्या, असल्या तर?

नारळीपाक: त्याने रॉ म्हटलंय कुठे?

फ्लॉपीवाले_काका: झिप फिल कॅट्झने १९८९ साली काढली, आरएआर रोशालने १९९३ मध्ये. नावातला पहिला ‘आर’ त्याचाच. मोठी फाइल चार-पाच फ्लॉप्यांवर तोडून न्यायचो आम्ही. तिसरी फ्लॉपी खराब निघाली की मडगावहून परत फोंड्याला, बस धरून.

दर्याराजा: पासवर्ड विसरला असशील तर काही करता येणार नाही, उगाच ते क्रॅकवाले सॉफ्टवेअर घालू नकोस, व्हायरस येतो.

म्हापशाचा_बाब: पासवर्ड नाहीच आहे!!

साखळीची_सून: फोटोग्राफर कितीला घेतो? पुढच्या महिन्यात आमच्याकडे मुंज आहे.

नारळीपाक: काकांच्या फ्लॉपीतच उत्तर आहे: एक तुकडा खराब असला की सगळं अडतं. पाचही फाइलींची साइज लिही. शेवटची सोडून बाकी सारख्या पाहिजेत. आणि पाचही एकाच फोल्डरात ठेव, नावं बदलू नकोस, पार्ट१ वरच क्लिक कर. पुढचे पार्ट सॉफ्टवेअर आपणच घेतं.

म्हापशाचा_बाब: १, २, ४ सातशे एमबी. ५ एकशेऐंशी. ३ मात्र ४१२. परवा पावसात लाइट गेली, वायफाय बंद पडलं, तेव्हा हीच चालू होती बहुतेक. ब्राउझरने पूर्ण झाली म्हणून दाखवली होती हो!

नारळीपाक: तेवढीच परत उतरव. बाकीच्यांना हात लावू नकोस.

म्हापशाचा_बाब: निघाले! सगळे! मुंडावळ्यांपासून विहिणींच्या पंगतीपर्यंत. देव बरें करूं. काका, तुम्हालाही.

मांडवीकाठ: सेव्हन-झिपनेच उघडलंस ना?

म्हापशाचा_बाब: नाही.

साखळीची_सून: ते राहू दे, दर काय त्याचा?