एलिट डेंजरस: वळताना थ्रस्ट वर द्यायचा की खाली?

उल्कापथिक

एलिट डेंजरस या अंतराळ-लढाईच्या गेममध्ये माझं जहाज व्हल्चर, दोन्ही मोठ्या हार्डपॉइंटवर (शस्त्रं बसवायच्या जागा) गिम्बल, म्हणजे लक्ष्याकडे आपोआप वळणारे, पल्स लेझर. खेळणं माऊस आणि कीबोर्डवर. अॅनाकोंडा, पायथन या जड जहाजांशी जमतं, पण ईगल किंवा व्हायपरसारखं चपळ जहाज समोर आलं की एकमेकांच्या अंगावरून जाणं, वळणं, पुन्हा अंगावरून जाणं, एवढंच चालू राहतं. किंवा दोघं एकाच वर्तुळात फिरत राहतो आणि तो हळूहळू शेपटीला लागतो.

थ्रस्टर (जहाजाला वर-खाली, आडवं सरकवणारी इंजिनं) वापरा हे सगळेच सांगतात, पण कसे, यावर दोन टोकं आहेत. काही म्हणतात नाक वर खेचताना थ्रस्टही वर द्या (आर बटण), काही म्हणतात खाली द्या (एफ बटण). यातलं बरोबर काय? आणि फ्लाइट असिस्ट (जहाज आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा) बंद केलं की जहाज भोवऱ्यासारखं फिरत सुटतं, त्याचं काय करायचं?

---

कक्षाधर

दोन्ही बरोबर. तुमचा वेग कोणत्या दिशेला आहे त्यावर ठरतं.

पहिला प्रसंग: दोघंही पुढे वेगात आहात आणि वर्तुळात एकमेकांचा पाठलाग चाललाय. वर्तुळाची त्रिज्या म्हणजे वेग भागिले वळण्याचा दर. सेकंदाला ३५ अंशांनी वळणारं जहाज ३०० मीटर प्रतिसेकंद वेगात असेल तर त्रिज्या ४९० मीटरच्या आसपास. तेच जहाज १६० वर आणलं तर २६० मीटर. म्हणून थ्रॉटल (वेगाचं नियंत्रण) स्क्रीनवरच्या निळ्या पट्ट्यात ठेवा असं सांगतात. त्या पट्ट्यात जहाज सगळ्यात चपळ वळतं, आणि वेग कमी असल्यानं वर्तुळ आणखी लहान होतं. दोन्हीकडून फायदा. इथे थ्रस्ट वर द्यायचा, कारण वर म्हणजे वर्तुळाच्या केंद्राकडे. नाक वळलं तरी जहाजाचा वेग लगेच वळत नाही, ते थोडं बाहेर घसरत जातं. वरचा थ्रस्ट ती घसरण खाऊन टाकतो. समोरचा हे करत नसेल तर काही वळणांत तुम्ही त्याच्या मागे असता.

दुसरा प्रसंग: तुमचं नाक आधीच त्याच्यावर आहे, अंतर कमी आहे, आणि त्याच्याभोवती फिरत मारा चालू ठेवायचाय. इथे थ्रस्ट खाली. तुम्ही खाली सरकलात की तो स्क्रीनवर वर जातो, मग नाक वर खेचून त्याला मध्यभागी ठेवायचं. झाली कक्षा. ५०० मीटरवरून १०० मीटर प्रतिसेकंदानं असे सरकलात तर त्याला तुमच्याकडे तोंड ठेवायला सेकंदाला साडेअकरा अंश वळावं लागतं. २०० मीटरवरून हाच आकडा जवळपास २९ होतो, आणि तो अॅनाकोंडाला झेपत नाही. जड जहाजांशी तुमचं जमतंय ते यामुळेच. ईगलला २९ अंश काहीच नाहीत, म्हणून त्याच्याशी पहिला प्रसंग खेळायचा.

आणखी एक. स्क्रीनवर तो उजवीकडे दिसला म्हणून ए-डी दाबून यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवणं) करत बसू नका. यॉ मंद असतो. आधी रोल करून (जहाज कुशीवर कलवून) त्याला स्क्रीनच्या वरच्या बाजूला आणा, मग खेचा. यॉ शेवटच्या दोनचार अंशांच्या नेमासाठी.

---

मूकदिशा

फिरत सुटण्याबद्दल. फ्लाइट असिस्ट चालू असताना तुम्ही हात काढला की संगणक उलटा थ्रस्ट देऊन फिरणं थांबवतो. बंद केलं की ते काम तुमचं. डावीकडे जेवढं ढकललंत तेवढंच उजवीकडे ढकलून थांबवायचं.

माऊसवर मात्र खरा घोळ सेटिंगचा असतो. कंट्रोल्समध्ये रिलेटिव्ह माऊस बंद असेल तर पॉइंटर जिथे सोडाल तिथेच राहतो, म्हणजे जहाजाला सतत वळणाचा हुकूम मिळत राहतो. दोन्ही अक्षांसाठी रिलेटिव्ह माऊस चालू करा, म्हणजे पॉइंटर आपोआप मध्यावर येईल. निम्मी भिंगरी तिथेच थांबेल. हे न करता सराव करणं म्हणजे हाताला चुकीची सवय लावणं.

दुसरं, असिस्टचं झेड हे बटण टॉगल (एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू) ठेवू नका. बाइंडिंगमध्ये ते होल्ड करा आणि माऊसच्या बाजूच्या बटणावर घ्या. दाबलंय तोवर असिस्ट बंद, सोडलं की चालू. लढाईच्या धांदलीत आत्ता चालू की बंद हा प्रश्नच उरत नाही, आणि पूर्ण वेळ असिस्टशिवाय उडण्याची गरजही नाही.

एकमेकांच्या अंगावरून जाण्यावर उतारा असा:

१. तो एक किलोमीटरवर आला की थ्रॉटल निळ्या पट्ट्यात.
२. ५०० च्या आत आला की एफ दाबून खाली घसरा, म्हणजे तो तुमच्या डोक्यावरून जाईल, टक्कर होणार नाही.
३. तो स्क्रीनच्या वरच्या कडेला पोचला की असिस्टचं बटण दाबून धरा, थ्रॉटल शून्यावर (एक्स), आणि नाक वर खेचा.
४. तो मध्यावर यायच्या जरासं आधी उलटा माऊस देऊन फिरणं थांबवा. तुम्ही आता उलटे सरकताय आणि त्याची शेपूट तुमच्या समोर आहे. मारा.

तिसऱ्या पायरीतला थ्रॉटल बहुतेक जण विसरतात. थ्रॉटल पुढे राहिला तर असिस्ट बंद असतानाही मुख्य इंजिन नाकाच्या दिशेनं ढकलत राहतं. नाक फिरतंय, त्यामुळे धक्क्याची दिशाही फिरते, आणि जहाज भलतीकडे वाहतं.

---

उल्कापथिक

रिलेटिव्ह माऊस बंदच होता. चालू केल्यावर नाक मध्यावर थांबवता येतंय, आणि वर-खालीचा गोंधळही मिटला. पण उलटं फिरल्यानंतर अंतर दीड-दोन किलोमीटर होतं. लेझर लागतात पण त्याचं शील्ड (ऊर्जेचं कवच) फारसं उतरत नाही.

---

कक्षाधर

दोन किलोमीटरवर ते होणारच. पल्स लेझरचा मारा ५०० मीटरपर्यंत पूर्ण असतो, तिथून तो उतरत ३ किलोमीटरवर शून्य होतो. दोन किलोमीटरवर हाती साधारण ४० टक्केच राहतात. त्यामुळे उलटं सरकत बसायचं नाही. नाक त्याच्यावर आलं की असिस्टचं बटण सोडा, थ्रॉटल पूर्ण पुढे आणि लगेच बूस्ट, म्हणजे वेगाचा जोरदार झटका (टॅब). बूस्टचा पहिला भाग तुमचा उलटा वेग खाण्यात जातो, उरलेल्यात तुम्ही त्याच्यामागे लागता. ७००-८०० मीटर राहिले की थ्रॉटल परत निळ्या पट्ट्यात, नाहीतर पुन्हा त्याच्या अंगावरून पुढे जाल.

मुळात समोरून येताना बूस्ट मारू नका. तुमचा आणि त्याचा वेग बेरजेत जातो. दोघं ३०० वर असाल तर एका सेकंदात ६०० मीटरचा फरक, मग कितीही चटकन फिरलात तरी तो लांब गेलेला असतो. व्हल्चरचा मूळ वेग २१० आणि बूस्ट ३४०. व्हायपर मार्क ३ चा ३२० आणि ४००. सरळ रेषेत तुम्ही त्याला गाठणार नाही, त्याला वळायला लावूनच गाठायचं.

---

सहापिप

वरच्या सगळ्यात पिप राहून गेले, म्हणजे जहाजाची वीज सिस्टिम (यात शील्ड येतं), इंजिन आणि शस्त्रं या तीन खान्यांत वाटायचे ठिपके. एकूण सहा, एका खान्यात जास्तीत जास्त चार. तुमचं जहाज २-२-२ वरच ठेवून लढत असाल तर अर्धी ताकद वाया जातेय.

समोरून येताना सिस्टिमला चार. बाणांची बटणं डाउन, लेफ्ट, लेफ्ट, म्हणजे ४-१-१. चार पिपवर शील्डला बसणारा मार साधारण ६० टक्क्यांनी घटतो, आणि समोरासमोरचा मारा हाच सगळ्यात जड असतो. तो डोक्यावरून गेला की डाउन, अप, अप, म्हणजे इंजिनला चार. वळणं आणि वेग दोन्ही सुधारतात, बूस्टचा साठाही पटकन भरतो. शेपटीवर बसलात आणि तो मारा करू शकत नाही असं दिसलं की डाउन, राइट, राइट, म्हणजे शस्त्रांना चार. डाउननं वाटणी परत २-२-२ होते, म्हणून दर वेळी तिथूनच सुरुवात करा. आधीचे पिप कुठे होते हे आठवत बसावं लागत नाही.

इंजिनचा साठा रिकामा असताना टॅब दाबला तर काहीच होत नाही. कक्षाधर यांनी सांगितलेला बूस्ट त्या क्षणी मिळाला नाही, तर कारण बहुधा हेच.

गिम्बलबद्दल: त्यानं चाफ (नेम चुकवणारा धातूच्या कणांचा ढग) सोडलं की तुमचे लेझर भरकटतात. तेव्हा रिकाम्या जागेकडे नाक करून टी दाबा. लक्ष्य सुटतं, गिम्बल सरळ समोर स्थिर होतात, मग हातानं नेम धरा. चाफ विरलं की परत टी. शील्ड उतरल्यावर दोन्ही पल्स लेझरनी हल (जहाजाचं मूळ धड) फोडायला वेळ लागतो, एका बाजूला मल्टीकॅनन (गोळ्या झाडणारी तोफ) बसवा.

---

मूकदिशा

सरावासाठी: ग्रहाभोवतीच्या खडकांच्या कड्यात (रिंगमध्ये) एक मध्यम आकाराचा खडक निवडा. त्याच्यापासून ३०० मीटरवर थांबा, असिस्ट बंद, थ्रॉटल शून्य. फक्त आर-एफ आणि माऊस वापरून खडक मध्यावर ठेवत एक फेरी. अंतर वाढत असेल तर तुमचा सरकण्याचा वेग जास्त आहे. एफ सोडा, डब्ल्यूचा हलका टोला द्या, थ्रॉटल लगेच परत शून्यावर. ते जमलं की क्यू-ई नं आडवी फेरी, मग दोन्ही मिळून तिरकी. त्यानंतर कमी तीव्रतेच्या खाणक्षेत्रात एकट्या साइडवाइंडरवर तेच करा, हार्डपॉइंट न उघडता. तो मारा करायला लागला तरी त्याला मध्यावर आणि ५०० च्या आत धरून ठेवता आलं की मग यू दाबून हार्डपॉइंट उघडा.