शिंगलच्या भावाबरोबर बर्फाचंही विचारा

वर काकांनी लिहिलंय की मुलाच्या अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या घराचं छपराचं कोटेशन पुण्यात बसून बघितलं आणि आकडा अवाच्या सवा वाटला, पण काका, नुसत्या शिंगलच्या, म्हणजे छपरावर बसवायच्या डांबरी पट्ट्यांच्या, भावावर जाऊ नका हो. तिकडे रेट स्क्वेअरवर असतो, म्हणजे 100 चौरस फूट, त्यात जुनं छप्पर उखडणं धरलंय का ते आधी विचारा. खरी मेख आइस डॅमची, म्हणजे छपराच्या कडेला साचणाऱ्या बर्फाच्या बांधाची, घरातली ऊब माळ्यावर जाते, छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी खाली कडेला येऊन परत गोठतं आणि मागे तुंबलेलं पाणी शिंगलखाली शिरतं. म्हणून कडेपासून बाहेरच्या भिंतीच्या 24 इंच आतपर्यंत शिंगलखाली चिकट मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा थर, हवंच, तिथे प्लीज काटकसर नको. आणि काम उन्हाळ्यात करा, गारठ्यात शिंगलची चिकटपट्टी नीट धरत नाही, हाताने डांबरी सिमेंट लावत बसावं लागतं, मजुरी वाढते.