मदत हवी आहे: सकाळचा घरचा नाश्ता आठवडाभर टिकवायचा कसा?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितेय. पाककृती नकोत, त्या भरपूर आहेत. माझी अडचण वेगळी आहे, जरा सविस्तर सांगते.

घरात आम्ही पाच जण. मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, पहिली पाळी असली की सव्वासहाला बाहेर. मुलगा आठवीत, सकाळची शाळा, पावणेसातला रिक्षा दारात. मुलगी दुसरीत, तिची शाळा अकराची. मी नऊला कामाला निघते. सासूबाईंना शुगर आहे, गोळीची वेळ ठरलेली, त्यामुळे त्यांचं खाणं पुढं ढकलता येत नाही.

आमच्याकडे वर्षानुवर्षं सकाळ म्हणजे चहा-बटर (लोणी नव्हे, बेकरीतलं टोस्टसारखं कडक बटर), नाहीतर रात्रीची चपाती चहाबरोबर. मुलगा बटर चहात बुडवतो, मऊ पडून कपात गळायच्या आत तोंडात टाकतो आणि दप्तर उचलतो. गेल्या महिन्यात प्रार्थनेला उभा असताना त्याला चक्कर आली. शाळेतून फोन आला तेव्हा माझे हातपाय गळाले. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्याला विचारलं, "सकाळी काय खाऊन गेला होतास?" तो काही बोलला नाही, माझ्याकडं बघत राहिला. ती नजर अजून डोळ्यासमोरून जात नाही. खाण्याबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. आमचा तर नाश्ताच चहात बुडालेला.

त्या दिवसापासून मनावर घेतलंय. सोमवारी मुगाची धिरडी: वाटीभर हिरवे मूग रात्री भिजवायचे, सकाळी आलं-मिरची घालून मिक्सरला फिरवायचे, तव्यावर पाच-सहा धिरडी होतात. मंगळवारी भाज्या घालून उप्पीट. बुधवारी नाचणीची आंबील. इथवर सगळं छान. गुरुवारी गाडी घसरते. बुधवारी रात्री भांडी आवरून मुलीचा अभ्यास घेईस्तोवर साडेदहा होतात, मूग डब्यातच राहतात. सकाळी डबा उघडला की कोरडे मूग. मग परत बटर, शुक्रवारीही बटर. रविवारी मिसळ असते, ती असूच दे, तिच्याबद्दल तक्रार नाही.

सलग तीन आठवडे हेच चाललंय. दुसरं म्हणजे, सकाळी साडेसहाला मुलाला भूकच नसते. दोन घास खाऊन ताट सरकवतो. सासरे होते तेव्हा पहाटे गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन यायचे आणि वर न्याहारीला भाकरी मागायचे. त्यांच्या नातवाच्या गळ्याखाली घास उतरत नाही, हे बघून जीव तुटतो.

ज्यांच्या घरी ही सवय खरंच लागली आहे त्यांनी सांगा, गुरुवार कसा पार केलात?

प्रतिसाद १

ताई, मी राधानगरी भागातली, आता शहरात असते. आमच्याकडं नाचणी घरचीच. एक सांगते, सासूबाईंना आंबील रोज देऊ नका. पातळ असते, लवकर पचते, साखर चढायला वेळ लागत नाही. त्यांना मुगाचं धिरडं किंवा मटकीची उसळ बरी. डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या. मुलाला मात्र आंबील उत्तम. रात्री पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून हलवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. दहा मिनिटांत होते. आणि थंडीत हुलग्याचं माडगं करून बघा, गूळ घालून. पोरं वाटी चाटून पुसून ठेवतात.

प्रतिसाद २

मी स्वतः पाळीत काम करतो म्हणून लिहितोय. तुमच्या पूर्ण मजकुरात भिजवणं, वाटणं, भाजणं सगळं तुम्हीच करताय. गुरुवारी गाडी घसरणारच, माणूस दमतो. आमच्यात भिजवण माझ्याकडं आहे. रात्रीच्या भातासाठी तांदूळ धुवायला घेतले की त्याच वेळी शेजारच्या पातेल्यात मूग. जेवणाआधीच काम उरकतं, रात्री साडेदहाला काही आठवावं लागत नाही. मूग, मटकी, हरभऱ्याचे डबे तांदळाच्या डब्याला लागून ठेवा. मिस्टर पहिल्या पाळीला असले तर संध्याकाळी घरी असतील, त्यांच्याकडं द्या. नाहीतर आठवीतल्या मुलाला द्या, तेवढं त्याला सहज जमेल.

आणि आठवड्यातला एक दिवस बिनकष्टाचा ठेवा. आमचा गुरुवार म्हणजे थालीपीठ. भाजणी महिन्याची एकदम दळून आणतो. कांदा चिरला, पीठ मळलं, थापलं, झालं. भिजवणं नाही, वाटणं नाही.

प्रतिसाद ३

मी प्राथमिक शाळेत शिकवते. सकाळच्या शाळेच्या मुलांना त्या वेळी भूक नसते, हे घरोघरी आहे, त्यावरून रागावू नका. नाश्त्याचे दोन भाग करा. घरून निघताना एक केळं किंवा शेंगदाणा-गुळाचा लाडू, आणि खरा नाश्ता छोट्या सुट्टीच्या डब्यात. धिरडं गार झालं तरी चांगलं लागतं, उप्पीट गार झालं की घशाखाली उतरत नाही, म्हणून डब्याला धिरडंच द्या. उसळीबरोबर लिंबाची फोड ठेवा, लिंबामुळं लोह जास्त अंगी लागतं. चहा संध्याकाळी घेऊ दे.

धागाकर्ती, तीन आठवड्यांनंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. भिजवण मुलाकडं दिली. पहिल्या दिवशी त्यानं अर्धा किलो मूग भिजवले, दोन दिवस शेजारीपाजारी वाटत होते. आता वाटीनं मोजतो. सकाळी उठला की आधी पातेल्यावरची ताटली उचलून बघतो, मोड दिसला की बहिणीला हाक मारतो. गुरुवारचं थालीपीठ सासूबाईंनी आपण होऊन अंगावर घेतलं, त्या बसून थापतात, मी भाजते. लाडू खाऊन जातो आणि डबा रिकामा परत आणतो. हिमोग्लोबिन पुढच्या महिन्यात परत तपासायचं आहे.

एक अडचण राहिली. पाऊस लागल्यापासून मूग फडक्यात बांधले की मोड यायच्या आत चिकट होतात, वास येतो. काय करावं?

प्रतिसाद १

फडक्यात बांधू नका ताई. भिजवून झाले की दोन पाण्यांत धुवा, पूर्ण निथळू द्या, मग चाळणीत पसरून वर नुसती ताटली झाका, खाली वारा लागला पाहिजे. मधे एकदा परत धुवून निथळा. तरी वास आलाच तर ते टाकून द्या, पोरांना देऊ नका.