कोलोनोस्कोपी सांगितलीय, नक्की काय काय होतं?

घाबरट_४८
दोन महिने संडासला अधूनमधून रक्त पडतंय, मूळव्याधच असणार म्हणून मी अंगावर काढलं, शेवटी बायकोने ओढत डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन ९ आलं, आयर्नच्या गोळ्या चालू केल्यात आणि आठ दिवसांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं बघणार. मेव्हणा म्हणतो सिग्मॉइडोस्कोपी कर, पटकन होते. ऑफिसातला एक म्हणतो कॅमेऱ्याची गोळी मिळते ती गिळ, कशाला नळ्या घालून घेतोस. डोकं बंद पडलंय. खरं सांगू, दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटतेय.

आडवा_पाऊस
दोनदा झालीय माझी. तपासणीचं काही नाही हो, आदली रात्र वाईट. पोट साफ करायची पावडर लिटरभर पाण्यात कालवून प्यायची, चव खारट, गुळमट, फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने ओढली तर जाते. मग बाथरूममध्येच मुक्काम. सुरू व्हायच्या आधीच व्हॅसलीन लावून ठेवा, नंतर आठवून उपयोग नाही. पहिल्या वेळी मी शहाणपणा केला, पहाटेचा दुसरा डोस अर्धाच प्यायलो, म्हटलं आता पोटात उरलंय काय. आत मळ दिसला, डॉक्टरांनी दुर्बीण अर्ध्यातूनच बाहेर काढली, सगळं पहिल्यापासून परत! पिवळसर पाण्यासारखं होईपर्यंत थांबायचं नाही.

तिथे मागून उघडा गाऊन देतात, डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, सलाईनमधून झोपेचं औषध. मी "सुरू केलं का" विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, झालं पण. आत हवा भरतात त्यामुळे नंतर पोट गच्च वाटतं, वायू सरतो, तिथे सगळ्यांचंच तेच चाललेलं असतं, लाजताय कुणाला.

सिस्टर_रजेवर
एंडोस्कोपीत काम करते म्हणून लिहितेय. सिग्मॉइडोस्कोपीत फक्त शेवटचा भाग दिसतो, बहुतेकदा एनिमावर भागतं आणि भूल लागत नाही, पण हिमोग्लोबिन कमी असेल तर पूर्ण मोठं आतडं बघायला हवं, रक्त वरूनही जात असू शकतं. कॅमेऱ्याची गोळी मुख्यतः लहान आतड्यासाठी, आणि ती फोटो काढते, तपासायला आतला तुकडा काढत नाही. सीटी कोलोनोग्राफीतही (सीटी स्कॅनने मोठं आतडं बघतात ती) गुदद्वारातून नळीने हवा भरतातच, वर पॉलिप (अस्तरावरची मांसल गाठ) दिसला की काढायला कोलोनोस्कोपी आलीच. कोलोनोस्कोपीत तो तिथल्या तिथे तारेच्या फासाने कापता येतो, आतल्या अस्तराला कापल्याचं कळत नाही, आतडं ताणलं की मात्र कळ येते. साधारण अर्धा-पाऊण तास धरा. आतड्याला भोक पडणं क्वचित, पण घरी गेल्यावर पोट खूप दुखलं, ताप आला किंवा बरंच रक्त गेलं तर लगेच परत यायचं. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत कुणीतरी हवंच. रक्त पातळ करायच्या किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. आयर्न मात्र साधारण आठवडाभर आधी थांबवायला सांगतात, त्याने आत सगळं काळं चिकट होतं, काही दिसत नाही.

पुन्हा_एकदा
आईला कॅप्सूल दिली होती, कमरेला पट्टा आणि रेकॉर्डर बांधून दिवसभर घरात फिरत होती. दुखलं काहीच नाही, पण त्याआधी कोलोनोस्कोपी झालीच होती बरं का, तिच्यात काही सापडलं नाही म्हणून गोळी.

घाबरट_४८
अरे देवा, आयर्नची गोळी आज सकाळीच घेतली. क्लिनिकला फोन लावतो आत्ता. मेव्हण्याला नंतर.