मदत हवी आहे: श्रद्धा, पराभव आणि बास्केटबॉल, तरुणांशी कसं बोलावं?

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघात कॉलेजच्या टीममधून बास्केटबॉल खेळणारी काही मुलं-मुली आहेत. यंदा पहिल्याच फेरीत हरल्यापासून ती फार खचली आहेत. त्यांना अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाबद्दल सांगायचं ठरवलंय.

2018 मध्ये हा संघ देशात अव्वल मानला जात होता, आणि तरी आपल्या गटातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे 16व्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) 54-74 असा हरला. पुरुषांच्या एनसीएए स्पर्धेत (अमेरिकेतल्या कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा) पहिल्या मानांकनाच्या संघावर 16व्या मानांकनाच्या संघाकडून हरण्याची वेळ याआधी कधीच आली नव्हती. संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट श्रद्धावंत ख्रिस्ती. नम्रता, तळमळ, एकजूट, सेवाभाव आणि कृतज्ञता ही त्यांच्या संघाची पाच तत्त्वं बायबलच्या शिकवणीतून आलेली. पुढच्याच वर्षी टेक्सास टेकला जादा वेळेत 85-77 हरवून ते विजेते झाले.

माझी अडचण इथेच आहे. शेवट विजयाचा असल्यामुळे मुलं 'प्रार्थना केली की ट्रॉफी मिळते' असा अर्थ घेतील, अशी मला खरी भीती वाटते. मला तर 2018 च्या त्या रात्रीनंतरचं वर्षच जास्त मोलाचं वाटतं. बायबलमधला रोमकरांस 5:3-4 हा उतारा (संकटातून धीर आणि धीरातून शील निर्माण होतं) वाचणार आहे. त्यासोबत आणखी कोणता उतारा घ्यावा? आणि टीममधल्या इतर धर्मांच्या मित्रमैत्रिणीही येणार आहेत, त्यांना परकं न वाटता हे कसं मांडावं? खेळाडूंसोबत काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.