आर्मिलारिया अळंबी आणि बोरू वटवट्या: ‘संख्या’ मोजायची कशी?

कणीस:
जंगलातली आर्मिलारिया अळंबी आणि पाणथळीतल्या बोरूच्या गवतात राहणारा बोरू वटवट्या हा छोटा पक्षी (अ‍ॅक्रोसेफॅलस स्किरपेशियस) यांची तुलना तक्त्यात मांडतोय. पक्ष्याचे रकाने भरले: वजन १० ते १५ ग्रॅम, अंडी साधारण ४. अळंबीच्या ‘संख्या’ रकान्यात काय लिहायचं? वर आलेल्या छत्र्या मोजल्या तर चालेल का?

तंतू:
नाही चालणार. छत्री हे नुसतं फळ. खरं शरीर म्हणजे लाकडातलं कवकजाल (बुरशीच्या बारीक तंतूंचं जाळं) आणि मातीतून मुळांकडे पसरणाऱ्या, बुटाच्या नाडीसारख्या काळ्या दोऱ्या. दूरदूरचे झुपके एकाच जीवाचे असू शकतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या मॅल्युअर जंगलात आर्मिलारिया ऑस्टोयी या जातीचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेला आढळलाय!

वेगळेपण तपासायचं तर प्रत्येक झुपक्यातली ताजी छत्री चिरून आतल्या गराचा तुकडा निर्जंतुक चिमट्याने माल्ट-अगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर) लावा. बाहेरची साल घेतलीत तर दुसरीच बुरशी माजते. वाढ शुद्ध झाली की दोन नमुने एका बशीत २ सेंमी अंतरावर ठेवा आणि काही आठवडे अंधारात राहू द्या. जीव एकच असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात, नाहीतर मधे फट किंवा काळी रेघ उरते. जवळच्या नात्यातले नमुने फसवतात, तिथे डीएनएच तपासावा लागतो.

पहाटफेरी:
पक्ष्याचा रकानाही सोपा नाही. आपण मोजतो तो गाणारा नर, आणि जोडी जमली की त्याचं गाणं बरंच कमी होतं. उशिरा गेलात तर भरलेला बोरू ओस वाटेल. विणीच्या हंगामाच्या सुरुवातीपासून निदान तीन फेऱ्या करा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत. वाऱ्याचा दिवस टाळा, कारण बोरू सळसळला की काही ऐकू येत नाही. आणि कृपया बोरूत शिरू नका. घरटं पाण्यावरच्या उभ्या काड्यांना विणलेलं असतं, काड्या वाकल्या की ते कलंडतं.

तंतू:
‘आयुष्य’ रकानाही जपून भरा. पक्ष्याचं वय पायात घातलेल्या कड्याच्या नोंदीवरून कळतं. अळंबीचं मात्र पसाऱ्याची लांबी वाढीच्या वेगाने भागून काढतात. वेग वेगवेगळा धरला म्हणून त्या ओरेगनच्या जीवाचा अंदाज १,९०० ते ८,६५० वर्षं असा ताणला गेलाय. तो एकच आकडा करून लिहू नका, दोन्ही टोकं द्या.